पूल नवा बांधायला कर्ज मिळतं, जुना सांभाळायला कोण देणार?

खाजनवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. विषय कर्जाचा आणि खात्यांचा आहे, पण रोज पुलावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी त्याचा संबंध आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

५ जुलै १९८६ रोजी पणजी-बेतीचा नेहरू पूल मांडवीत कोसळला. बांधून पंधरा-सोळा वर्षंच झाली होती. काँक्रीटच्या पोटातल्या ताणतारा, म्हणजे पूल घट्ट आवळून धरणाऱ्या पोलादी तारा, खाऱ्या हवेने गंजल्या. १९९२ मध्ये नवा पूल सुरू होईपर्यंत बार्देश-पेडण्याच्या लोकांनी फेरीबोटीच्या धक्क्यावर किती वेळ घालवला, ते घरातल्या मोठ्यांना विचारा. १९८३ मध्ये खुला झालेला जुना झुवारी पूलही त्याच दुखण्याने आजारी पडला आणि त्यावर अवजड वाहनांना बंदी आली. शेवटी शेजारी नवा आठपदरी पूल उभा राहिला, त्याची एक बाजू डिसेंबर २०२२ मध्ये आणि दुसरी डिसेंबर २०२३ मध्ये खुली झाली. आणि त्याच पणजीत पाटोहून रायबंदरला जाणारा दगडी बांधरस्ता १६३३-३४ सालचा आहे. त्यावरून आजही गाड्या जातात.

आता पैशाकडे येते. २०२०-२१ पासून केंद्र सरकार राज्यांना भांडवली कामांसाठी ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज देतं. सुरुवात १२ हजार कोटींनी झाली, २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात ही तरतूद दीड लाख कोटींवर गेली. इतकं स्वस्त कर्ज राज्यांना दुसरीकडे कुठेही मिळत नाही. पण या कर्जाच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की दुरुस्ती आणि देखभालीची कामं, रक्कम कितीही असो, पाठवू नयेत. म्हणजे पूल मोडायला आला की नव्या पुलासाठी बिनव्याजी पैसा तयार. तोच पूल वेळेवर सांभाळायचा म्हटलं की राज्याने स्वतःच्या खिशात हात घालायचा, आणि त्या खिशातून आधी पगार, पेन्शन, व्याज जातं.

कौलारू घरात राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. मिरगाआधी शाकारणी चुकली की एका फुटक्या नळ्यापायी वासा कुजतो.

माझं म्हणणं असं: आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरची सरकारी बँक आहे. संसदेने २०२१ मध्ये कायदा करून पायाभूत सुविधांसाठी ‘नॅबफिड’ उभी केली. तिला केंद्राने २० हजार कोटींचं भांडवल आणि ५ हजार कोटींचं अनुदान दिलं. गावांसाठी १९८२ पासून नाबार्ड आहे. या दोन्हींत फक्त दुरुस्तीसाठी वेगळी खिडकी हवी. मुदत लांब, व्याज कमी, आणि अट एकच: मालमत्तेची तपासणी झालेली असली पाहिजे आणि तिचा अहवाल लोकांसमोर हवा.

तुमचं मत सांगा. विरोधी असेल तर जास्त सविस्तर सांगा.

हिशेबाची_वही

चांगला विषय. मी लेखा विभागात काम केलं आहे, त्यामुळे थोडी खात्याची बाजू.

दुरुस्तीला कर्ज न देण्यामागे एक तत्त्व आहे आणि ते चुकीचं नाही. कर्ज काढून दर वर्षीचा चालू खर्च भागवायचा नसतो. चतुर्थीआधी खड्डे बुजवायला कर्ज घेतलं तर पुढच्या चतुर्थीला खड्डेही परत आणि हप्ताही उभा. म्हणून ‘दुरुस्ती’ या एका नावाखाली दोन वेगळी कामं येतात ती आधी सोडवा. गटार उपसणं, रंग, खड्डे, झाडं छाटणं हे महसुली खर्चातूनच व्हायला हवं. पुलाची बेअरिंग बदलणं, ताणतारा नव्याने घालणं, खांबाचा पाया बळकट करणं, पन्नास वर्षांची जलवाहिनी बदलणं यातून मालमत्तेचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं वाढतं. त्याला कर्ज देण्यात हिशेबाच्या दृष्टीने काहीच गैर नाही.

दुसरी अडचण मुदतीची. नाबार्डचा ग्रामीण पायाभूत सुविधा विकास निधी १९९५-९६ पासून आहे. अग्रक्रम क्षेत्राला ठरलेलं कर्ज न देणाऱ्या बँकांकडून ठेवी घेऊन तो चालतो. व्याज बँक दरापेक्षा दीड टक्क्याने कमी, ही चांगली गोष्ट. पण परतफेड सात वर्षांत, त्यातली पहिली दोन सवलतीची. म्हणजे प्रत्यक्षात पाच हप्ते. वीस वर्षं टिकणाऱ्या कामाचं ओझं पाच अर्थसंकल्पांवर पडतं, मग कुठलाही वित्त सचिव ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारच.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. राज्यघटनेच्या कलम २९३ प्रमाणे केंद्राचं कर्ज डोक्यावर असेपर्यंत राज्याला केंद्राच्या संमतीशिवाय नवं कर्ज काढता येत नाही. संमती देताना केंद्र कर्जाची मर्यादा ठरवतं, आणि महामंडळाच्या नावाने काढून राज्याच्या तिजोरीतून फेडलेलं कर्जही आता त्याच मर्यादेत मोजतात. त्यामुळे बँक कितीही उदार असली तरी मर्यादा तीच राहते. ते ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज मात्र मर्यादेबाहेर धरतात. म्हणून दुरुस्तीच्या कर्जालाही तीच सवलत मागा. नाहीतर खिडकी उघडेल आणि रांगेत कुणी उभं राहणार नाही.

तिसवाडीचो_शेतकार

तुम्ही सगळे पुलाबद्दल बोलताय. मी खाजनाबद्दल, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतीबद्दल बोलतो.

आमच्या बांधाला भगदाड पडलं की एका भरतीत खारं पाणी शेतात शिरतं. मग ते मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, तोवर शेत पड. बांध म्हणजे चिखल, चिरे, आणि तोंडाला मानस, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी अडवायची-सोडायची दारं असलेली मोरी. मानशीची दारं लाकडाची, ती वेळच्या वेळी बदलली नाहीत तर सगळा खेळ संपतो. गोव्यातल्या शेकडो वर्षांच्या पायाभूत सुविधा म्हणजे हे बांध, पण ‘पायाभूत सुविधा’ म्हटलं की कुणाच्या डोळ्यांपुढे ते येत नाहीत.

पूर्वी याचा खर्च कसा भागायचा ते ऐका. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव व्हायचा. ते उत्पन्न गावकारीकडे, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या आणि पुढे कोमुनिदाद म्हटल्या गेलेल्या संस्थेकडे यायचं आणि त्यातून बांधाची निगा राखली जायची. ज्याच्याकडे उत्पन्न त्याच्याकडेच जबाबदारी. १९६४ चा कूळ कायदा आला, शेत कुळांकडे गेलं आणि बांध कूळ संघटनांकडे आले. कूळ कायद्याला माझा विरोध नाही, माझे आजोबाच कूळ होते. पण बांधाची जबाबदारी वाटून गेली आणि मानशीचं उत्पन्न मात्र कित्येक गावांत मासळीच्या ठेकेदाराच्या हातात राहिलं. त्याला खारं पाणी आत हवं असतं, शेतकऱ्याला नको असतं. दार रात्री उघडं ठेवलं की मासळी वाढते आणि बांध आतून झिजतो.

म्हणून विचारतो, तुमची राष्ट्रीय बँक कर्ज कुणाला देणार? कूळ संघटनेला? तिच्या कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं बैठका झालेल्या नाहीत. मृदसंधारण खात्याला? ते एकदा यंत्राने माती टाकून जाईल, चिऱ्यांचा पदर नसलेली ती माती पुढच्या पुरात वाहून जाईल आणि कर्ज राहील. आधी मालक ठरवा. मानशीची पावणी बांधाच्या खात्यात जमा होईल असं बघा. मग बँक आली तर तिला हप्ता द्यायलाही काहीतरी असेल.

निवृत्त_अभियंता

शेतकारबाब, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मालक कोण हा प्रश्न पुलांनाही तितकाच लागू आहे.

१८ मे २०१७ ला सावर्डे-कुडचडे इथला पोर्तुगीज काळातला पादचारी पूल कोसळला. एकाने नदीत उडी घेतली होती, शोधकार्य बघायला लोक त्या पुलावर चढले होते. पूल वापरासाठी बंद होता. बंद केलेला पूल पाडायलाही पैसे लागतात, आणि त्या कामासाठी अर्थसंकल्पाच्या कुठल्याच शीर्षात सहसा तरतूद नसते. मोडकळीला आलेली वस्तू सुरक्षितपणे उतरवणं हेही दुरुस्तीच्या कर्जात बसलं पाहिजे, हे धागाकर्तीने आपल्या मागणीत जरूर घालावं.

त्याआधी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला. आपल्या मुंबई-गोवा रस्त्यावरचाच. दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. पूल वरून बघून काही कळत नाही. खांबाच्या पायाभोवतीची वाळू पुराने खरवडली जाते, ते पाण्याखाली असतं. जिथे वाळूउपसा चालतो तिथे हे जास्त वेगाने होतं. पाणबुडे लावून पाया तपासणं, काँक्रीटचे नमुने काढणं, ताणतारांची स्थिती बघणं ही महागडी आणि कुणालाही न दिसणारी कामं. कोनशिला बसवता येत नाही, फीत कापता येत नाही. म्हणून ती मागे पडतात.

माझा अनुभव असा की पैसा नसणं हे अर्धंच कारण. बाकी अर्धं म्हणजे साबांखात (सार्वजनिक बांधकाम खात्यात) कुठल्या पुलाला काय झालंय याची एकत्र नोंद न राहणं. अभियंता बदलून गेला की त्याच्या डोक्यातली माहिती त्याच्याबरोबर जाते. बँकेने कर्जाआधी तपासणी अहवाल मागितला, तर त्या एका अटीनेच खात्याला नोंदवही नीट ठेवावी लागेल. मला या सगळ्या कल्पनेत कर्जापेक्षा ही अट जास्त मोलाची वाटते.

आणि दोषदायित्व कालावधी. काम झाल्यावर ठरावीक काळ बिघाड झाला तर कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. तो काळ कधी संपतो हे पुलावर पाटी लावून लिहा. लोकच लक्ष ठेवतील.

सरळ_प्रश्न

मी विरोधात लिहितोय, राग नसावा.

सरकारी विकास बँका आपण आधी केल्या आहेत. आयएफसीआय १९४८, आयसीआयसीआय १९५५, आयडीबीआय १९६४. रिझर्व्ह बँकेकडून त्यांना स्वस्त दीर्घ मुदतीचा पैसा मिळायचा. १९९१ नंतर तो आटला. मग आयसीआयसीआय २००२ मध्ये आपल्याच बँकेत विलीन झाली, आयडीबीआय २००४ मध्ये साधी व्यापारी बँक झाली आणि बुडीत कर्जांनी इतकी वाकली की २०१९ मध्ये एलआयसीला तिचे ५१ टक्के घ्यावे लागले. आयएल अँड एफएस तर पायाभूत सुविधांसाठीच होती, एलआयसी आणि स्टेट बँक तिच्या भागधारक होत्या. २०१८ मध्ये ती ९० हजार कोटींहून जास्त देणं ठेवून कोसळली. त्यात कित्येकांच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे अडकले.

कारण प्रत्येक वेळी एकच. अल्प मुदतीचा पैसा घेऊन दीर्घ मुदतीचं कर्ज दिलं आणि कुणाला द्यायचं हे वरून ठरलं. नॅबफिडचं वेगळं का होईल? कायद्यात केंद्राचा हिस्सा २६ टक्क्यांपर्यंत खाली आणायची मुभा आहेच. आणि दुरुस्त केलेल्या साकवावर, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलावर, टोल बसवायचा का? साकवावरून शाळेची मुलं जातात. उत्पन्न शून्य. शेवटी हप्ता करदात्यानेच भरायचा, तर मध्ये बँक कशाला? सरळ अर्थसंकल्पात तरतूद करा.

खाजनवाट

सरळ_प्रश्न, तुमचा शेवटचा मुद्दा सगळ्यात वजनदार, म्हणून त्याचं आधी.

अर्थसंकल्पातली तरतूद एका वर्षाची असते आणि सुधारित अंदाजात तिलाच पहिली कात्री लागते. खाण बंदीने २०१२ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर २०१८ मध्ये पुन्हा आपल्या राज्याचं उत्पन्न घसरलं. अशा वर्षी पगार थांबवता येत नाही, पुलाची बेअरिंग थांबवता येते. एकदा करार झाला, पैसा त्या कामालाच बांधला गेला, की तो मधेच वळवता येत नाही. बँक हवी ती यासाठी. टोल नकोच. हप्ता राज्यानेच भरायचा, फक्त वीस वर्षांत पसरून, कारण तो पूल वीस वर्षं वापरला जाणार आहे.

जुन्या बँका बुडाल्या त्या मोठ्या उद्योगांना आणि धाडसी नव्या प्रकल्पांना दिलेल्या कर्जात. दुरुस्तीत वाहनसंख्येचे फुगवलेले अंदाज नसतात, जमीन संपादन नसतं, पर्यावरण परवानगीची वर्षं नसतात. पूल तिथे आहे, लोक त्यावरून जातात, हे उघड दिसतं. जोखीम कमी आणि रक्कम लहान. खरा अडथळा रक्कम लहान असण्याचाच आहे, कारण मोठ्या बँकेला दोन कोटींच्या साकवाची फाइल हाताळणं परवडत नाही. म्हणून एका तालुक्यातली सगळी कामं एकत्र बांधून एकच कर्ज, असं हवं.

बाहेरची दोन उदाहरणं. अमेरिकेत नॉर्थ डकोटा राज्याची स्वतःची बँक १९१९ पासून आहे. राज्याचा सगळा पैसा तिच्यातच ठेवतात आणि ती गावांना, काउंट्यांना पाणी-रस्त्यांसारख्या कामांसाठी २ टक्क्यांनी तीस वर्षांपर्यंत कर्ज देते. दुसरं, मंदीच्या काळात १९३२ मध्ये तिथे सरकारी पुनर्बांधणी वित्त महामंडळ निघालं. सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड बे ब्रिजचे रोखे त्याने विकत घेतले म्हणून तो पूल १९३६ मध्ये उभा राहिला. आज तिथले काही लोक त्याच धर्तीवर राष्ट्रीय पायाभूत बँक मागत आहेत. ज्यांच्याकडे सरकारी रोखे आधीच आहेत त्यांनी ते बँकेत जमा करून बदल्यात बँकेचे भाग घ्यायचे, असा तो प्रस्ताव आहे. काँग्रेसमध्ये विधेयकं आली, कायदा झालेला नाही. मला त्यातला भांडवलाचा विचार आवडतो, कारण त्यात अल्प मुदतीच्या पैशावर उभं राहायचं नाही.

आपल्याकडेही पैसा आहे. गोव्यातल्या बँकांत तारवटींच्या (जहाजांवर काम करणाऱ्यांच्या), आखातातल्या लोकांच्या ठेवी भरपूर आणि इथलं कर्जवाटप त्या मानाने फार कमी. आपला पैसा बाहेर कर्ज म्हणून जातो. त्यातला एक भाग आपल्याच बांधांना आणि पुलांना का मिळू नये?

पेडण्याहून

तिळारीचं कुणीच काढलं नाही अजून. धरण दोडामार्गात, महाराष्ट्राच्या हद्दीत. प्रकल्प दोन्ही राज्यांचा. कालवा फुटतो, पुन्हा फुटतो, आणि पाणी बंद होतं आमचं. चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाला पाणी नाही, तिकडे बार्देशात अस्नोड्याच्या प्रकल्पाला नाही. मग फुटलं तेवढं बुजवतात. पूर्ण अस्तरीकरण कोण करणार, कोणी किती द्यायचे, यावर दोन राजधान्यांत पत्रव्यवहार. इथे राष्ट्रीय बँकच हवी. एकाच कराराने दोन्ही राज्यांना कर्ज, पाण्याच्या वाट्याप्रमाणे हप्ता. राज्याच्या बँकेला हे जमणार नाही.

फोंड्याची_रहिवासी

ऑगस्ट २०१९ आठवतं का? खांडेपारला ओपा पाणीपुरवठा प्रकल्पाच्या जलवाहिन्या फुटल्या. महामार्गाच्या कामाजवळची माती पावसात सरकली होती. फोंडा आणि तिसवाडीत कित्येक दिवस नळाला पाणी नव्हतं. भर पावसाळ्यात, नदी उशाशी असताना, टँकरमागे बायका धावत होत्या. हॉटेलांना टँकर मिळत होते, वाड्यांवर उशिरा पोचत होते.

पाण्याचं बिल आम्ही भरतोच. पुलाला उत्पन्न नाही म्हणता ते खरं, पण पाण्याला आहे. २००७ मध्ये जपान सरकारच्या जायका या संस्थेकडून पाणी आणि मलनिस्सारणासाठी कर्ज घेतलंच की. त्यांचं व्याज कमी असतं, पण परकीय चलनातलं कर्ज आहे ते. वाटेत गळून जाणारं पाणी थांबलं तर तेवढंच पाणी विकून हप्ता निघेल. जुन्या वाहिन्या बदलण्यासाठी आपल्याच देशातल्या बँकेचं रुपयातलं कर्ज मिळालं तर जास्त बरं. फक्त त्या निमित्ताने गरीब वाड्यांची बिलं वाढवू नका, हे करारात लिहून घ्या.

आजोबा_डिचोली

सगळ्यांचं वाचलं. मी व्याजाच्या दराबद्दल बोलणार नाही, विश्वासाबद्दल बोलतो. पोर्तुगीज काळात इथे एकच मोठी बँक होती, बांको नासिओनाल उल्त्रामारिनो. लोकांनी त्यात दागिने गहाण ठेवले होते. १९६१ मध्ये मुक्तीच्या आधी ते सोनं लिस्बनला नेलं. परत आलं १९९१ मध्ये. ज्यांनी ठेवलं होतं त्यांतले कितीतरी जण तोवर गेले होते. दूरच्या बँकेच्या दारात आपलं काय चाललंय हे गोव्याच्या माणसाला कळलं पाहिजे. दिल्ली-मुंबईत बसून आमच्या साकवाचा निर्णय होणार असेल तर इथे पणजीत तिचं कार्यालय हवं, आणि अर्जांची यादी मराठीत आणि कोंकणीत लावलेली हवी.

तिसवाडीचो_शेतकार

आजोबांशी सहमत. आणि खाजनवाट ताई, तालुक्याची कामं एकत्र बांधायची म्हणता, तर बांधांचा गट वेगळा ठेवा. पुलाच्या यादीत टाकलेत तर पैसा पुलाकडेच जाईल. बांधासाठी कर्ज कमी आणि अनुदान जास्त हवं. बांध फक्त शेत राखत नाही, भरतीचं पाणी वस्तीत येऊ देत नाही, त्याचा फायदा शेत नसलेल्यालाही होतो. मग हप्ता एकट्या कुळांनी का भरायचा?

हिशेबाची_वही

हे मान्य. नाबार्डच्या निधीत शेतीशी निगडित कामांना खर्चाच्या ९५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, पण ते राज्य सरकारला. म्हणजे कूळ संघटनेवर हप्ता येत नाही. फक्त बांध पुन्हा बांधणं आणि मानस बदलणं हे देखभालीत न मोडता पुनर्बांधणीत मोडलं पाहिजे. प्रस्तावाची भाषा तशी लिहा.

खाजनवाट

सगळ्यांचे मुद्दे धरून मागणीचा मसुदा लिहायला घेतला आहे. दुरुस्तीचं कर्ज राज्याच्या मर्यादेबाहेर धरावं. परतफेड कामाच्या आयुष्याइतकी लांब असावी. बंद पूल पाडण्याचा खर्च त्यात बसावा. बांधांचा गट वेगळा ठेवून मानशीची पावणी बांधाच्या खात्यात जमा व्हावी. तिळारी कालव्यासाठी दोन राज्यांचा एकच करार असावा. पणजीत कार्यालय असावं. सरळ_प्रश्न यांचा आक्षेपही घालते: बँकेतला केंद्राचा हिस्सा दुरुस्तीच्या निधीपुरता १०० टक्केच राहावा आणि अल्प मुदतीच्या उसनवारीवर हा निधी चालवू नये.

निवृत्त अभियंता काका, एक विचारायचं होतं. आमच्या गावच्या साकवाची तपासणी झाली आहे का, हे कुठल्या कागदावरून कळेल?

निवृत्त_अभियंता

आधी तो साकव कुणाकडे आहे ते शोधा. पंचायत, जलस्रोत खातं की साबांखा. पंचायतीच्या नोंदीत नसेल तर साबांखाच्या रस्ते विभागात विचारा. माहिती अधिकाराच्या अर्जात ‘शेवटच्या तपासणीचा अहवाल आणि तारीख, झालेल्या दुरुस्तीच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत, दोषदायित्व कालावधी संपण्याची तारीख’ एवढंच मागा. ‘सर्व कागदपत्रं’ असं लिहू नका, उत्तर मोघम येतं. अहवालच नाही असं उत्तर आलं तर तेही लेखी घ्या आणि मसुद्याला जोडा.